पीआर अडकली? आधी धक्का कुठला ते ओळखा

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी ही लिहिलेली आवृत्ती. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत, तरी काही राहिले असतील, सांभाळून घ्या.

आजचा विषय: परदेशातल्या पीआरची वाट अडली की पुढे काय करायचं? मी फक्त कॅनडाबद्दल बोलणार आहे, कारण तीच सिस्टिम मी नीट वाचली आहे आणि मी स्वतः त्याच रांगेत उभा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक, वय २९. वकील नाही, कन्सल्टंट तर अजिबात नाही. सांगतोय ते नियम २०२५ अखेरपर्यंतचे आहेत. तुम्ही फॉर्म भराल त्या दिवशी अधिकृत साइटवर एकदा ताडून बघाच.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे 'रिजेक्ट झालं' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, बोलावणंच आलं नाही. दोन, अर्ज अपुरा म्हणून परत आला. तीन, अधिकाऱ्याने अर्ज वाचून नकार दिला. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. डोकं दुखत असताना पोटाची गोळी घेतली तर काय होणार? तसंच इथे होतं, फक्त इथे दोन-तीन वर्षं आणि काही लाख रुपये जातात.

पहिला धक्का: बोलावणंच येत नाही

कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री ही पद्धत जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तुम्ही प्रोफाइल बनवता, ते एका पूलमध्ये जातं, तुम्हाला सीआरएस नावाचा स्कोअर मिळतो. ठरावीक दिवसांनी सरकार ड्रॉ काढतं. नावात ड्रॉ असला तरी ही लॉटरी नाही. वरच्या स्कोअरपासून खाली येत जितक्यांना बोलवायचंय तितक्यांना इन्व्हिटेशन पाठवतात. शेवटच्या माणसाचा स्कोअर म्हणजे त्या दिवसाचा कटऑफ.

आता खरं गणित करूया. समजा तुम्ही अविवाहित आहात, वय २९ किंवा कमी, चार वर्षांची डिग्री, भारतात तीन वर्षांहून जास्त अनुभव, आणि इंग्रजीत चारही भागांत सीएलबी ९. सीएलबी ही कॅनडाची भाषा मोजायची पट्टी. आयएल्ट्समध्ये त्यासाठी लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात. वयाचे ११०, डिग्रीचे १२०, इंग्रजीचे १२४. डिग्री आणि इंग्रजी एकत्र असल्याबद्दल २५, अनुभव आणि इंग्रजी एकत्र असल्याबद्दल ५०. बेरीज ४२९. हा माझाच स्कोअर आहे. आयएल्ट्स याहून चांगली दिली, म्हणजे सगळीकडे सीएलबी १० आणलं, तर ४४१. बस. कॅनडात शिकलेलं नाही, काम केलेलं नाही, सख्खं भावंड तिथे नाही, फ्रेंच येत नाही, अशा एकट्या बीटेकवाल्याची कमाल मर्यादा ४४१.

आणि समोर काय आहे? २३ एप्रिल २०२४ च्या सर्वसाधारण ड्रॉचा कटऑफ होता ५२९. त्यानंतर २०२५ भर ड्रॉ निघाले ते प्रांतांनी निवडलेल्यांसाठी, आधीच कॅनडात काम केलेल्यांसाठी, फ्रेंच येणाऱ्यांसाठी, आणि आरोग्य, शिक्षण, कुशल कारागीर अशा ठरावीक गटांसाठी. २०२३ मध्ये स्टेम गटाचे ड्रॉ सुरू झाले तेव्हा आपल्या लाइनीतल्या लोकांना आशा वाटली होती. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा कटऑफ ४८१ होता. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये यादी बदलली आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेव्हलपर हे व्यवसाय स्टेमच्या यादीतून बाहेर गेले.

हे सगळं सांगायचं कारण असं, की ४२९ वाल्या माणसाला दोन वर्षं बोलावणं आलं नाही तर त्याला कुणी नाकारलेलं नाही. त्याची फाइल कुणी उघडलेलीच नाही. 'माझ्यात काय कमी आहे?' हा प्रश्न इथे लागूच होत नाही. २३ डिसेंबर २०२० ला सर्वसाधारण ड्रॉ ४६८ वर थांबला होता. मग कोविडमुळे हे ड्रॉ जवळपास दीड वर्ष बंद राहिले आणि ६ जुलै २०२२ ला सुरू झाले ते थेट ५५७ वर. मधे, १३ फेब्रुवारी २०२१ ला, कॅनडात काम केलेल्यांसाठीच्या एका ड्रॉमध्ये ७५ स्कोअरवाल्यांनाही बोलावणं गेलं, एका दिवसात २७,३३२ जणांना! हुशार माणसं दीड वर्षात बदलली का? नाही. सरकारची गरज बदलली.

मग करायचं काय? गणिताला उत्तर गणितानेच.

पहिलं, इंग्रजी. समजा तुमचे बाकी तीन भाग सीएलबी ९ आहेत आणि रायटिंगला ७ ऐवजी ६.५ आले. अर्ध्या बँडचा फरक. पण नुकसान किती? भाषेचे ८, डिग्रीसोबतचे १२ आणि अनुभवासोबतचे २५. एकूण ४५ पॉइंट! कारण ते एकत्रित पॉइंट पूर्ण मिळायला चारही भागांत सीएलबी ९ लागतं. म्हणून अर्ध्या बँडने राहिलं असेल तर आधी फेरतपासणीचा विचार करा. परीक्षेनंतर सहा आठवड्यांच्या आत ती मागता येते आणि मार्क बदलले तर फी परत मिळते.

दुसरं, फ्रेंच. फ्रेंचची परीक्षा देऊन चारही भागांत सातवी पातळी आणली, तर ५० अधिक १२ असे ६२ पॉइंट मिळतात. माझे ४२९ होतात ४९१. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ वेगळे निघतात. २१ मार्च २०२५ ला अशा ड्रॉचा कटऑफ ३७९ होता. ही सातवी पातळी साधारण बी२ च्या आसपास येते. पुणे-मुंबईत आलियाँस फ्राँसेजचे क्लास आहेत, बाहेरही भरपूर आहेत. पण 'तीन महिन्यांत बी२' अशी जाहिरात दिसली तर पुढे स्क्रोल करा. शून्यापासून तिथे पोचायला नोकरी सांभाळून वर्षाच्या वर धरूनच चाला.

तिसरं, मास्टर्स. त्याने डिग्रीचे १५ आणि इंग्रजीसोबतचे २५, म्हणजे ४० वाढतात. पण त्या दोन वर्षांत वयाचे पॉइंट उतरतात. २९ पर्यंत ११०, तिसाव्याला १०५, एकतिसाव्याला ९९, पस्तिसाव्याला ७७, चाळिसाव्याला ५०. वाढदिवसाचा केक कापला की पाच-सहा पॉइंट गेले, असं समजा. त्यामुळे फक्त पीआरसाठी मास्टर्स करायचं असेल तर हिशोब कागदावर मांडून बघा. शिकायचंच असेल तर प्रश्न नाही.

चौथं, प्रांताचं नॉमिनेशन. त्याचे ६०० पॉइंट मिळतात, म्हणजे काम फत्तेच. पण २०२५ च्या आराखड्यात या वाटेने घ्यायच्या लोकांचं लक्ष्य १,१०,००० वरून ५५,००० वर आणलं होतं. दार बंद नव्हतं, पण त्या वर्षी फट बारीक झाली होती.

दुसरा धक्का: अर्ज परत येतो

समजा इन्व्हिटेशन आलं. आता पूर्ण अर्ज भरायला तुमच्याकडे ६० दिवस असतात. पेढे वाटायची घाई करू नका, कारण खूप जण इथे अडकतात. एखादा सक्तीचा कागद राहिला तर अर्ज अपुरा ठरतो आणि परत येतो. फी परत मिळते, पण तोपर्यंत ६० दिवस उलटून गेलेले असतात आणि इन्व्हिटेशन हातातून गेलेलं असतं. पुन्हा पूलमध्ये जा, पुन्हा वाट बघा, मधे वाढदिवस आला तर पाच पॉइंट कमी.

हा धक्का जवळपास पूर्ण टाळता येतो. फक्त कागद ६० दिवसांत जमवायचे नसतात, बोलावण्याआधी जमवून ठेवायचे असतात.

सगळ्यात चिवट कागद म्हणजे अनुभवाचं पत्र. कॅनडाला त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामाचं वर्णन लागतं, तेही कंपनीच्या लेटरहेडवर, सहीसकट. आपल्याकडचं एचआर काय देतं? 'अमुक यांनी या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्याकडे काम केलं, त्यांना शुभेच्छा.' माझ्या आधीच्या कंपनीने मला असंच दोन ओळींचं पत्र दिलं. कामाचं वर्णन लिहिणं आमच्या पॉलिसीत नाही, असं तीन वेळा मेल करून सांगितलं. मग मी तिथल्या माझ्या मॅनेजरकडून कामाच्या तपशिलाचं सही केलेलं पत्र घेतलं, सोबत ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ लावले आणि कंपनी सविस्तर पत्र का देत नाही हे एका पानात लिहून त्यांच्या नकाराचे मेल जोडून ठेवले. हे सगळं व्हायला चार महिने लागले. इन्व्हिटेशनची वाट बघून सुरुवात केली असती तर ६० दिवसांत झालं नसतं.

आणखी एक. कामाचं वर्णन सरकारी व्यवसाय-यादीतून जसंच्या तसं उतरवू नका. सॉफ्टवेअर इंजिनिअरचा कोड २१२३१, डेव्हलपरचा २१२३२. तुमच्या पदाचं नाव काहीही असो, रोजचं काम कुठल्या वर्णनाशी जुळतं ते बघून कोड निवडायचा आणि काम स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

बँकेचं पत्रही असंच. नुसतं स्टेटमेंट चालत नाही. खातं कधी उघडलं, आत्ताची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि काही कर्ज असेल तर ते, असं सगळं पत्रात लागतं. शाखेत गेलात की 'असा फॉरमॅट आमच्याकडे नाही' हे ऐकायची तयारी ठेवा आणि छापलेला नमुना सोबत न्या. पैसे उसने घेतलेले चालत नाहीत. आई-बाबांनी दिले असतील तर ते परत करायचे नाहीत असं लेखी पाहिजे, आणि शक्यतो पैसे आधीपासून खात्यात पाहिजेत.

तारखाही लिहून ठेवा. भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, डिग्रीचं मूल्यांकन पाच वर्षं. अर्ज पाठवायच्या दिवशी दोन्ही जिवंत असायला हवेत.

तिसरा धक्का: खरा नकार

हा सगळ्यात जास्त लागतो, कारण इथे कुणीतरी खरंच फाइल वाचून नाही म्हटलेलं असतं. पण इथेही घाबरण्याआधी पत्र नीट वाचा. पत्रात बहुतेक वेळा एक-दोन ओळीच असतात, उदाहरणार्थ, दाखवलेला अनुभव निवडलेल्या कोडशी जुळत नाही. आतलं कारण कळायला अधिकाऱ्याच्या नोंदी मागवता येतात. कॅनडाच्या माहिती अधिकार कायद्याखाली त्याची फी पाच डॉलर आहे आणि तिथे राहणारा मित्र किंवा नातेवाईक तुमच्या संमतीने हा अर्ज करू शकतो. या नोंदी बघितल्याशिवाय पुन्हा तोच अर्ज टाकणं म्हणजे बग शोधल्याशिवाय तोच बिल्ड पुन्हा डिप्लॉय करणं. पुन्हा त्याच ओळीवर क्रॅश होणार.

नंतर दोन रस्ते असतात. कागद कमजोर होते असं नोंदींवरून दिसलं, तर ते मजबूत करून नवीन प्रोफाइल, नवीन अर्ज. साध्या नकारानंतर पुन्हा अर्ज करायला बंदी नसते. कागद व्यवस्थित होते आणि अधिकाऱ्याने ते बघितलेच नाहीत असं दिसलं, तर तिथल्या फेडरल कोर्टात दाद मागता येते. कॅनडाबाहेर दिलेल्या निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत असते, कॅनडात दिलेल्या निर्णयासाठी १५ दिवसांचीच. कोर्ट स्वतः पीआर देत नाही. निर्णय चुकीचा वाटला तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने पाठवतं. इथे वकील लागतो आणि खर्चही होतो, त्यामुळे नोंदी हातात घेऊनच वकिलाशी बोला.

कधी कधी नकाराआधी एक पत्र येतं: आम्हाला अमुक शंका आहे, इतक्या दिवसांत उत्तर द्या. हे पत्र म्हणजे संधी आहे. मुदत बघा, मुद्द्याला मुद्द्याने आणि पुराव्याने उत्तर द्या.

धक्क्यानंतरचे पंधरा दिवस

आता खरं बोलतो. हे तिन्ही धक्के भरून निघतात. भरून निघायला अवघड असतं ते धक्का बसल्यावर घाईत केलेलं काम.

माणूस निराश झाला की फोन येतात. 'सर, तुमचा स्कोअर कमी आहे ना? जॉब ऑफर करून देतो, पॉइंट वाढतील.' लक्षात ठेवा, २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीच्या स्कोअरमध्ये जॉब ऑफरचे वेगळे पॉइंटच राहिलेले नाहीत. आधी ५० किंवा २०० मिळायचे. खोट्या ऑफरचा धंदा बोकाळला होता, हेच ते काढायचं एक मोठं कारण. म्हणजे आज त्या पॉइंटसाठी कुणी ऑफर विकत असेल, तर तो अस्तित्वातच नसलेली गोष्ट विकतोय.

खोटं पत्र, फुगवलेला अनुभव, लपवलेली माहिती हे सगळं तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० मध्ये येतं. पकडलं तर पाच वर्षं प्रवेशबंदी, आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. 'एजंटने भरलं, मला माहीतच नव्हतं' हे सहसा चालत नाही, कारण सही तुमची असते. यात एक साधी दिसणारी गोष्ट येते: पूर्वी अमेरिकेचा किंवा दुसऱ्या कुठल्या देशाचा व्हिसा नाकारला होता का, हा प्रश्न. नाकारला असेल तर सरळ हो लिहा आणि कारण सांगा. जुन्या नकाराने अर्ज आपोआप पडत नाही, तो लपवल्याने मात्र पडू शकतो.

मदत घ्यायचीच असेल तर माणूस परवानाधारक आहे का ते बघा. पैसे घेऊन सल्ला द्यायचा हक्क तिथल्या वकिलांना आणि तिथल्या कन्सल्टंटच्या अधिकृत कॉलेजचा परवाना असलेल्यांना आहे. ही यादी ऑनलाइन सगळ्यांना बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यात लाखभर रुपये वाचू शकतात.

आणि घरचं काय?

'तुझं कॅनडाचं काय झालं रे?' हा प्रश्न प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत येतो. विचारणाऱ्या मावशीचा हेतू वाईट नसतो, पण उत्तर द्यायला आपल्याकडे काही नसतं. म्हणून घरच्यांनाही हे तीन धक्के समजावून सांगा. 'रिजेक्ट झालं' म्हणण्यापेक्षा 'माझा स्कोअर ४२९ आहे, सध्या जास्त लागतो, फ्रेंच करतोय' असं म्हटलं की आई-बाबांच्या चेहऱ्यावरची काळजी निम्मी होते. माझ्या बाबांनी आता फ्रिजवर माझ्या फ्रेंच परीक्षेची तारीख लावली आहे.

माझ्या ओळखीतल्या एकाने २०२१ च्या सुरुवातीला टीम लीडची जागा नाकारली, कारण 'सहा महिन्यांत तर जायचंय'. घर भाड्याचंच ठेवलं, गाडी विकली, लग्नाचं बोलणं पुढे ढकललं. मग ड्रॉ दीड वर्ष उघडलेच नाहीत. स्कोअरपेक्षा त्याचं जास्त नुकसान त्या थांबलेल्या आयुष्याने केलं. म्हणून माझा एक नियम आहे. पीआरच्या नावावर आजचा कुठलाही निर्णय पुढे ढकलायचा नाही. प्रमोशन आलं तर घ्यायचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं असेल तर करायचं. आणि या सगळ्याला एक तारीख लावायची. माझी तारीख फ्रेंचचा निकाल लागल्यावर एक वर्ष. तोपर्यंत जमलं तर उत्तम, नाही जमलं तर मी भारतात एक चांगला इंजिनिअर असेन ज्याला फ्रेंचही येतं. यात वाया काय गेलं?

तर आजचा गृहपाठ छोटा आहे. तुमचा धक्का तिघांपैकी कुठला, ते एका ओळीत लिहा. पहिला असेल तर स्वतःची बेरीज स्वतः करा आणि पॉइंट कुठे वाढतात ते शोधा. दुसरा असेल तर राहिलेल्या कागदांची यादी काढा. तिसरा असेल तर अधिकाऱ्याच्या नोंदी मागवा. आणि तिन्हींपैकी कुठलाही असला, तरी पहिले पंधरा दिवस कुणालाही पैसे देऊ नका, कशावरही सही करू नका.

बेरीज करताना कुठे अडलात तर आकडे लिहून पाठवा, पुढच्या भागात आपण दोन-तीन उदाहरणं एकत्र सोडवू. तोपर्यंत, आ ब्याँतो! म्हणजे, लवकरच भेटू.